यादीला कारकुनी म्हणणाऱ्यांसाठी वाशीमचा पुरावा

१/
इतिहासप्रेमी तरुणांमध्ये एक समज खोल रुजला आहे. टिपणे काढणे, त्यांना मथळे देणे, याद्या करणे ही कारकुनी. खरा इतिहासकार तो, जो गोष्ट रंगवून सांगतो. हा समज खोटा आहे, आणि अपायकारकही आहे. तो खोडून काढण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. वाशीम आणि परिसरातील साधनेच त्याला पुरेशी आहेत : एक ताम्रपट, त्याने दुरुस्त केलेला एक शिलालेख, हरवलेले एक काव्य आणि कारंज्याची ग्रंथभांडारे. धागा लांब आहे, पण मुद्दा एकच आहे : ज्याची यादी नीट नाही, त्याचा इतिहासही नीट नाही.

२/
आरंभ ताम्रपटापासून. १९३९ साली वाशीम येथे मिळालेला एक ताम्रपट प्रकाशात आला. य. खु. देशपांडे आणि महाजन यांनी तो अभ्यासकांपुढे आणला, पुढे वा. वि. मिराशी यांनी त्याचे सविस्तर संपादन केले. दान दिले आहे वत्सगुल्म येथून, म्हणजे आजच्या वाशीमहून. देणारा राजा वाकाटक विंध्यशक्ती (दुसरा), आणि काल त्याच्या राज्याचे ३७ वे वर्ष. दान दिलेले गाव नांदीकट विभागातले, म्हणजे आजच्या नांदेडच्या बाजूचे. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात, अशी त्याची रचना आहे.

३/
या ताम्रपटात रम्य वर्णन जवळजवळ नाही. आहेत त्या याद्या. आधी राजांची यादी : प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन, त्याचा पुत्र विंध्यशक्ती. मग दान घेणाऱ्या ब्राह्मणांची यादी, गोत्रांसह. मग त्या गावाला मिळालेल्या सवलतींची यादी : राजाच्या माणसांनी तेथे काय मागायचे नाही आणि काय करायचे नाही. गोष्टीची आवड असणारा वाचक हा मजकूर कंटाळून खाली ठेवील. परंतु याच कोरड्या याद्यांनी एका राजवंशाची एक संपूर्ण शाखा इतिहासाला परत मिळवून दिली.

४/
ते कसे घडले, हे समजण्यासाठी अजिंठ्याला जावे लागते. तेथील १६ व्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. लेखात वाकाटक राजांची क्रमवार नामावली दिली आहे, पण दगड झिजलेला, अक्षरे तुटलेली. एकोणिसाव्या शतकात ब्यूलर यांच्यासारख्या मोठ्या विद्वानांनी तो वाचला, तेव्हा प्रवरसेनानंतरचे नाव त्यांनी ‘रुद्रसेन’ असे लावले. कारण वाकाटकांच्या मुख्य शाखेच्या ताम्रपटांतून रुद्रसेन हे नाव त्यांना आधीच ठाऊक होते.

५/
परिणाम असा झाला की दोन वेगळ्या शाखांचे राजे एकाच वंशावळीत गोवले गेले. वत्सगुल्मची स्वतंत्र शाखा होती, हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यावर मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला. दोन्ही याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या, आणि झिजलेल्या अक्षरांत ‘सर्वसेन’ आणि त्यापुढे ‘विंध्यसेन’ ही नावे उभी राहिली. दगड तोच होता, अक्षरे तीच होती. त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी दुसरी यादी मिळाली, एवढाच काय तो फरक.

६/
येथे यादीचे पहिले सामर्थ्य दिसते. दोन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहता येत नाहीत. दोन याद्या येतात. गोष्टीत एखादा दुवा गळला तर निवेदक शब्दांनी ती फट बुजवतो आणि वाचकाला पत्ता लागत नाही. यादीत जागा रिकामी राहिली तर ती डोळ्यांना खुपते. अजिंठ्याच्या नामावलीत वयाच्या आठव्या वर्षी गादीवर आलेल्या एका राजाचे नाव नष्ट झाले आहे. प्रामाणिक अभ्यासक ती जागा आजही रिकामीच दाखवतो. रिकामी जागा रिकामी दाखवणे, हा प्रामाणिकपणा यादी शिकवते.

७/
याच शाखेचे आणखी एक साधन वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथे आहे. देवसेन राजाच्या काळचा तो शिलालेख सुदर्शन नावाच्या तलावाची नोंद करतो आणि काल देतो शके ३८०, म्हणजे इ.स. ४५७-५८. वाकाटकांचे लेख सहसा ‘अमुक राज्यवर्ष’ एवढेच सांगतात. राज्यवर्षांच्या मण्यांची माळ कितीही लांब असली, तरी ती काळाच्या खुंटीला कोठे अडकवायची, हे त्यातून कळत नाही. या लेखातील शकवर्ष ही ती खुंटी. एका ओळीची नोंद, पण तिच्या आधाराने राजांची सगळी क्रमवारी कालपटावर बसवता येते.

८/
आता हरवलेल्या काव्याकडे. वत्सगुल्म शाखेचा मूळपुरुष सर्वसेन हा ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता मानला जातो. सत्यभामेसाठी कृष्णाने इंद्राकडून पारिजात आणला, ही त्याची कथा. या काव्याची पोथी आज उपलब्ध नाही. मग ते होते, हे तरी कसे कळले? नंतरच्या साहित्यशास्त्रकारांनी आपल्या ग्रंथांत त्याची दखल घेतली म्हणून. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात सर्वसेनाच्या हरिविजयाचा नावानिशी उल्लेख केला. भोजाने आपल्या ग्रंथांत त्यातील पद्ये उदाहरणादाखल घेतली.

९/
येथेच टिपणवहीचा सर्वांत कडक धडा आहे. जेथे उतारा देणाऱ्याने कर्त्याचे किंवा काव्याचे नाव लिहिले, तेथे पद्य कोणाचे हे निश्चित सांगता येते. जेथे त्याने नुसते पद्य उतरवले आणि नाव दिले नाही, तेथे आधुनिक संशोधकाला पारिजात, सत्यभामा, इंद्र अशा खुणा शोधत तर्काने ते पद्य हरिविजयाच्या पदरात टाकावे लागते. नाव लिहायला किती वेळ लागला असता? चार अक्षरांचा. ती चार अक्षरे न लिहिल्याने कित्येक शतकांनंतरच्या माणसाच्या वाट्याला अंदाज आला.

१०/
आजचा तरुण इतिहासप्रेमी नेमके हेच करतो आहे. कोण्या पुस्तकातील पानाचे छायाचित्र, कोण्या लेखाचा स्क्रीनशॉट, कोण्या गटातून आलेला उतारा. सगळे फोनच्या गॅलरीत, लग्नाच्या फोटोंच्या आणि दुधाच्या बिलांच्या मध्ये. पुस्तकाचे नाव नाही, पान नाही, आवृत्ती नाही. सहा महिन्यांनी वाद रंगतो, तेव्हा तो म्हणतो, ‘कुठेतरी वाचले होते.’ भोजराजाला निदान एवढी सबब होती की त्याच्या वाचकांना मूळ काव्य ठाऊक होते. या तरुणाला तीही नाही.

११/
तिसरे साधन कारंज्याचे. कारंजा लाड हे वाशीम जिल्ह्यातील जुने व्यापारी गाव. दिगंबर जैनांच्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे तेथे आहेत आणि त्यांच्याजवळ हस्तलिखितांचा मोठा ठेवा. शतकानुशतके लोकांनी पोथ्या नकलून घेतल्या, कापडात बांधल्या, जपल्या. पोथीच्या शेवटी पुष्पिका असे : कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणी, कोणासाठी नक्कल केली. आज ज्याला ‘फाइलची माहिती’ म्हणतात, ती या लेखनिकांनी हातानेच लिहून ठेवलेली होती.

१२/
परंतु जपणे वेगळे आणि सापडणे वेगळे. बस्त्यात बांधलेली पोथी अस्तित्वात असते, पण ती बाहेरच्या अभ्यासकाला माहीत नसते. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. हजारो नोंदींचा तो जाडजूड ग्रंथ. कोणता ग्रंथ, कोणाचा, कोठे आहे, एवढेच सांगणारा. तो कोणी रात्रभर जागून वाचला नसेल. तरी त्यातील कारंज्याच्या नोंदींनी भारतीय भाषांच्या इतिहासातील एक दालन उघडले.

१३/
ते दालन अपभ्रंशाचे. प्राकृत आणि आजच्या मराठी-हिंदी-गुजराती यांच्या मधल्या काळातील ही साहित्यभाषा. हर्मान याकोबी यांनी ‘भविसत्तकह’ १९१८ साली छापले, तोवर या भाषेतील सलग मोठे ग्रंथ विद्वानांच्या हाती जवळजवळ नव्हते. कारंज्याच्या सूचीनंतर चित्र पालटले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ प. ल. वैद्य यांनी १९३१ साली संपादित केले. ‘सावयधम्मदोहा’ १९३२, ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘पाहुडदोहा’ १९३३, कनकामराचे ‘करकंडचरिउ’ १९३४ : ही सर्व हिरालाल जैन यांची संपादने. चार वर्षांत पाच ग्रंथ, आणि ते कारंज्याच्या ग्रंथमालांतून.

१४/
येथे एक सावधगिरी. सूची करणारे रायबहादूर हिरालाल आणि ग्रंथ संपादणारे, अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणारे हिरालाल जैन या दोन भिन्न व्यक्ती. विषय एक, प्रदेश एक, काळही जवळपास एक. नाव तर एकच. टिपणात नुसते ‘हिरालाल’ लिहिणारा अभ्यासक वर्षभरातच दोघांना एक करून टाकील. व्यक्तींची एक स्वतंत्र यादी, तीत पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि ओळखीची एक ओळ : एवढी ‘कारकुनी’ केली तर हा घोटाळा होत नाही.

१५/
स्थळनामांचे तसेच. आजचे वाशीम हे जुन्या लेखांत वत्सगुल्म, इंग्रजी कागदपत्रांत ‘बाशीम’. १९०५ पर्यंत बाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. मग तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निराळा झाला. म्हणजे १९२६ च्या सूचीतील कारंजा आणि १९३९ च्या ताम्रपटाचे वाशीम, दोन्ही तेव्हा ‘अकोला’ या मथळ्याखाली येतात. केवळ ‘वाशीम’ शोधणाऱ्याला ती सापडणार नाहीत. स्थळाच्या नोंदीखाली त्याची सगळी नावे आणि सगळे जिल्हे लिहून ठेवणे, हाच यावर इलाज.

१६/
मथळे देऊन मजकूर लावण्याची ही रीत मराठीला परकी नाही. उलट मराठी गद्याचा पायाच तिच्यावर आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ठिकठिकाणी फिरून, माणसांना विचारून गोळा केल्या. तो संग्रह म्हणजे ‘लीळाचरित्र’. त्याची रचना पाहावी : एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे मोठे भाग, त्यांखाली एकेक लीळा, प्रत्येकीला स्वतःचे नाव. पुढे केसोबासांनी त्यातील स्वामींची वचने वेगळी काढून विषयवार लावली आणि ‘सूत्रपाठ’ सिद्ध झाला. एकाच संग्रहातून दुसरी मांडणी निघू शकली, कारण पहिल्या संग्रहात प्रत्येक तुकडा सुटा होता.

१७/
शिवकालाच्या चाहत्यांना तर हा वाद घरचाच आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ चा, असे उत्तरकालीन बखरींच्या आधारे दीर्घकाळ सांगितले गेले. मग १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे तरी काय? तारखा आणि घटना यांची क्रमवार यादी. अलंकार नाहीत, संवाद नाहीत. तिने सांगितले : शके १५५१, फाल्गुन वद्य ३, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाच्या शिवभारतातील तिथीही तीच निघाली. रसाळ बखर हरली आणि रुक्ष यादी टिकली.

१८/
यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मथळे आणि उपमथळे अभ्यासकाचे मन आधीच बांधून टाकतात, असे म्हटले जाते. चौकट आधी तयार झाली की पुरावा तिच्यात कोंबला जातो. हे खरे आहे, आणि याचे उदाहरणही वरच आहे. ब्यूलर यांच्या मनात मुख्य शाखेची नामावली आधीपासून होती, म्हणूनच त्यांना झिजलेल्या अक्षरांत रुद्रसेन दिसला. दोष यादीचा नव्हे, तर यादी पक्की झाली असे मानण्याचा. दगडावर काय दिसते आणि त्यावरून काय वाटते, या दोन नोंदी एकाच ओळीत लिहिल्या की अशी चूक पुढच्या पिढीकडे तशीच जाते.

१९/
म्हणून टिपणांची चौकट हलवता येण्याजोगी हवी. आणि येथेच साध्या अक्षरांच्या फाइलचा, म्हणजे प्लेन टेक्स्टचा प्रश्न येतो. नेदरलँड्समधील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली ईमॅक्स या जुन्या संपादकासाठी ऑर्ग मोड तयार केला, तो स्वतःची टिपणे आणि कामे लावण्यासाठी. त्याची युक्ती अगदी साधी आहे. ओळीच्या आरंभी एक तारा म्हणजे मोठा मथळा, दोन तारे म्हणजे पोटमथळा, आडवी रेघ म्हणजे यादीतील नोंद. मथळा उचलला की त्याखालचे सगळे सोबत सरकते. घडी घातली की नुसता आराखडा दिसतो.

२०/
वत्सगुल्मच्या टिपणाची अशी फाइल साधारण पुढीलप्रमाणे दिसेल :

* वत्सगुल्मचे वाकाटक
 साधने
* वाशीम ताम्रपट
- प्रकाशात : १९३९
- राजा : विंध्यशक्ती (दुसरा), राज्यवर्ष ३७
- छापील पाठ : मिराशी, कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम, खंड ५, १९६३
* अजिंठा, लेणे १६
- दिसते : प्रवरसेनानंतरचे नाव झिजलेले
- जुने वाचन : रुद्रसेन (ब्यूलर)
- नवे वाचन : सर्वसेन (मिराशी)
* हिस्से-बोराळा
- काल : शके ३८०, राजा देवसेन
 स्थळनामे
- वाशीम = वत्सगुल्म = बाशीम
 बाकी कामे
- [ ] छायाचित्र आणि छापील पाठ ताडून पाहणे

हे वाचायला कोणतेही विशेष साधन लागत नाही. कागदावर लिहिले तरी ते असेच दिसेल.

२१/
‘एवढे चकचकीत ॲप असताना हे तारे-रेघा कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी मराठीचाच अनुभव आठवावा. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले; तरी पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टांत टंकला गेला. त्या फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट नसेल तर तीच फाइल निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दाखवते. शोध लागत नाही, अनुक्रम लागत नाही. १६०० वर्षांपूर्वीचा ताम्रपट वाचता येतो आणि २५ वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, ही विटंबना तंत्राची नसून निवडीची आहे.

२२/
हाच धोका आजच्या बंदिस्त ॲपांतही आहे. टिपणे त्यांच्या सर्व्हरवर, त्यांच्या साच्यात. वर्गणी थांबली किंवा सेवा बंद पडली की अभ्यासकाच्या हातात काय उरते, हे ती सेवा ठरवणार. साध्या अक्षरांची युनिकोड फाइल मात्र कोणत्याही संगणकावर, कोणत्याही फोनवर उघडते. ती पेनड्राइव्हवर मित्राला देता येते, छापता येते, शोधता येते. छायाचित्रे टाकून द्यावीत असे नव्हे. ताम्रपटाचा ठसा हाच मूळ पुरावा. परंतु छायाचित्राला नाव, स्थळ, दिनांक आणि यादीत एक ओळ मिळाल्याखेरीज ते पुरावा होत नाही, नुसते चित्र राहते.

२३/
शेवटचा आक्षेप असा की यादी म्हणजे इतिहास नव्हे. अगदी मान्य. १९२६ च्या सूचीने एकही अपभ्रंश काव्य समजावून सांगितले नाही. ते काम संपादकांनी केले. जेधे शकावली वाचून कोणाच्या अंगावर काटा येत नाही. पण मिराशींकडे पाहावे. १९६३ चा वाकाटक लेखांचा संग्रह त्यांचाच : लेखाचा क्रमांक, सापडल्याचे स्थळ, वर्णन, मूळ पाठ, अर्थ. आणि ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा १९५७ चा वाचनीय मराठी ग्रंथही त्यांचाच. गोष्ट सांगण्याचा अधिकार त्यांनी एकेका लेखाची नोंद करून कमावला होता.

२४/
तो अधिकार न कमावता गोष्टी सांगणाऱ्यांची आज रेलचेल आहे. आवाज भारदस्त, पार्श्वसंगीत दमदार, आणि ‘हे कोठे लिहिले आहे?’ असे विचारले की उत्तरादाखल विचारणाऱ्याच्या निष्ठेवर संशय. यादी बाळगणाऱ्याला निष्ठेची ढाल लागत नाही. तो पान दाखवतो. चूक निघाली तर ती ओळ खोडतो, जुने वाचन शेजारी ठेवतो आणि पुढे जातो. ब्यूलर यांची चूक दाखवून मिराशींनी त्यांचा अपमान केला नाही. त्यांनीच आरंभलेले काम पुढे नेले.

२५/
वाशीम जिल्ह्यात अजून किती वीरगळ शेताच्या बांधावर उभे आहेत, किती पोथ्या माळ्यावर आहेत, किती बारवा बुजत चालल्या आहेत, याची यादी त्या त्या गावातील तरुणाशिवाय दुसरे कोणी करणार नाही. त्यासाठी पदवी लागत नाही आणि महागडे साधनही नाही. एक साधी फाइल, पहिल्या ओळीवर एक तारा आणि गावाचे नाव. खाली एक रेघ : काय पाहिले, कोठे, कोणत्या दिवशी, कोणी सांगितले. वत्सगुल्मची शाखा अशाच ओळींनी परत मिळाली. पुढचा सर्वसेन कोणत्या ओळीत लपला आहे, हे ती ओळ लिहिली गेली तरच कळेल.